रुपयाला कोपरा नसतो

कविता माझ्या नातीच्या अभ्यासातली होती. मला नाही बाई कळत, असं त्या दिवशी मी म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी तसं म्हणणारी नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली तरी माझं वाचायचं सुटलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी सोडवून, हाताने सपाट करून वाचायची. पुढे वाचनालय लावलं. एकेक कादंबरी आणायची आणि विड्या वळता वळता शेजारणींना त्यातलं सांगायची. बायका म्हणायच्या, हिच्या तोंडाला कुलूप लावा, नाहीतर सगळ्यांच्या विड्या ढिल्या होतील. त्यामुळे घरात कुणाला मराठीचं अडलं की माझ्याकडे यायचं, ही रीतच पडली आहे.

नात अकरावीत आहे. लेकीची लेक. लेक-जावई श्रीपूरला साखर कारखान्यावर, आणि कॉलेज इथे सोलापुरात, म्हणून ती माझ्याजवळ राहते. दुपारची वेळ होती. मी पोह्यांतले खडे बघत बसले होते. ती पुस्तक घेऊन आली आणि माझ्यासमोर फरशीवर पालथी पडली.

"आजी, रसग्रहण लिहायचंय. आणि शेवटी घरातला एक खरा अनुभव जोडायचाय. मॅडम म्हणाल्या, नेटवरनं उचललेलं मला लगेच कळतं."

"कविता कशावर आहे?"

"मेलेल्या आईवर. आणि लहानपण, आणि गाणं. माझ्या आईला तर काही झालेलं नाही. मी काय जोडू?"

"माझी मेलीय की," मी म्हटलं. "माझी घे."

हसलो दोघी. इतकं जुनं मरण होतं ते, की त्यावर हसता येत होतं.

कविता मोठी नव्हती. एक माणूस आहे, वय झालेला. तो अगदी लहान असताना आई त्याला पाठीला बांधून कामं करायची आणि कामं करताना गायची. त्याचा कान तिच्या पाठीला चिकटलेला. म्हणून आईचं गाणं त्याने बाहेरून कधी ऐकलंच नाही. आतून ऐकलं, हाडांतून. आई लवकर गेली. आता तो येता-जाता भिंतीला कान लावतो, खांबाला लावतो, झाडाला लावतो. शेवटच्या कडव्यात तो स्वतःच्या तळहातावर कान ठेवून बसला आहे, आणि तिथे कविता संपते. ऐकू आलं की नाही, ते कवी सांगत नाही.

नातीने दोनदा वाचून दाखवली. मग तिने आधीच लिहून ठेवलेलं वाचलं, "सदर कवितेत कवीने मातृप्रेमाची महती गायली आहे."

"कुठं गायलीय?"

"असंच लिहितात, आजी."

"प्रेम हा शब्द आहे का कवितेत? बघ बरं."

तिने बोट फिरवत वरून खाली पाहिलं. नव्हता.

"आई चांगली होती, प्रेमळ होती, असं एक अक्षर आहे का?"

तेही नव्हतं.

"बरं, आई काय गायची ते सांगितलंय? गाण्याचा एखादा शब्द?"

"नाही."

"का नाही सांगितला?"

"विसरला असेल."

"विसरायला आधी ऐकायला लागतं. शेजारच्यांनी गाणं लावलं तर आपल्या भिंतीतून काय येतं? शब्द येतात का? नुसता ठोका येतो. तसं त्याचं झालंय. त्याच्याकडे गाणं नाहीच आहे. ते गाणं चाललेलं असताना आईचं अंग जे थरथरायचं, तेवढं आहे. आणि ते कुणाला सांगता येत नाही, गाऊन दाखवता येत नाही. म्हणून बिचारा भिंतींना कान लावत फिरतोय."

नातीने मान वर केली. तिला हे आवडलं असावं, कारण तिने फोन काढला आणि मी बोलेन ते त्यात लिहायला लागली. आता मला कोण थांबवतंय? पोह्यांचं ताट मी बाजूला सारलं.

"आणखी एक बघ," मी म्हटलं. "गाणं शोधायचंच असतं तर माणसांना विचारता आलं असतं. आईच्या बहिणी असतील, शेजारपाजार असेल. माझी आई काय गायची हो, म्हणून विचारायचं. अख्ख्या कवितेत तो एकाही माणसाला विचारत नाही. भिंतीला विचारतो, खांबाला विचारतो. का?"

"का?"

"माणसं उत्तर देतात, म्हणून."

हे मी बोलले. माझ्या तोंडून आलं, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. नात म्हणाली, "आजी, हे भारी आहे, हे मी तसंच टाकणार."

मग तिने मॅडमनी दिलेला तक्ता काढला. कवितेत दिसण्याचं काय आहे, ऐकण्याचं काय आहे, स्पर्शाचं काय आहे, ते वेगवेगळं काढायचं. कवितेचं काढून झालं. मग अनुभवाचंही तसंच काढायचं होतं.

"सांग आता तुझ्या आईचं."

ही आठवण मी इतक्यांना सांगितली होती की तिची वाक्यं माझ्या तोंडात बसलेली होती. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितली, मुलांना झोपवताना सांगितली, विड्यांच्या बायकांना तर किती वेळा. मी तीन-साडेतीन वर्षांची असताना आई गेली. तिचा फोटो नाही. त्या काळी गिरणीच्या चाळीत फोटो कोण काढत होतं? मामाने वडिलांच्या दुसऱ्या लग्नानंतर येणं-जाणं तोडलं, त्यामुळे आजोळ नावाला राहिलं. नाव सोडलं तर आईचं म्हणून माझ्याकडे एवढंच होतं: मी तिच्या कुशीत आहे. माझा गाल तिच्या छातीवर आहे. ती तोंड मिटून गुणगुणते आहे आणि ते गुणगुणणं माझ्या गालात उतरतं आहे. आणि गालाला काहीतरी गार लागतं आहे, तिच्या गळ्यातला चांदीचा रुपया. चेहरा नाही. आवाजही म्हणाल तर नाही, चाल मात्र आहे. ती चाल मी माझ्या तिन्ही मुलांना म्हटली, या नातीलाही म्हटली.

"म्हणजे तुझं कवितेतल्यासारखंच आहे की," नात म्हणाली. "तो पाठीवर, तू छातीवर."

"तेच तर. म्हणून म्हटलं माझी घे."

तिने लिहिलं. ऐकणं झालं. दिसण्याचं काही नाही. मग स्पर्श. "रुपया गार. आणखी?"

"आणखी काय? गार म्हणजे गार."

"मॅडमना तपशील लागतो."

मी डोळे मिटले. खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या रुपयाकडे मी कधी वेगळं लक्षच दिलं नव्हतं. गाणं मोठं होतं, तो त्याच्या कडेला असायचा. आता लक्ष दिलं तर तो होता तिथे, गालावर. "टोचायचा," मी म्हटलं. "कोपरा टोचायचा त्याचा. इथं, डोळ्याखाली. झोप लागेस्तोवर टोचायचा, मग मी गाल जरा खाली सरकवायची."

नातीने तेही लिहिलं. आणि थांबली.

"आजी, रुपयाला कोपरा असतो का?"

मी डोळ्याखाली बोट लावून बघितलं.

"चौकोनी नाणी होती ना तुमच्या वेळी?"

"होती. दोन आण्याचं होतं. पण ते चांदीचं नव्हे, गळ्यात कोण घालील?"

"मग काय असेल?"

"ताईत असेल एखादा," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले. पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. मला कळलं होतं. उठता उठताच कळलं होतं. चांदीचा, पातळ, खालून चौकोनी आणि वरून कमानीसारखा, असा एकच जिन्नस आमच्या घरात होता, आणि तो आईच्या गळ्यात असणं शक्य नव्हतं. कारण तो म्हणजे आईच होती.

आता नव्या मुलींना हे सांगावं लागतं. पहिली बायको मेली आणि माणसाने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालायची रीत आमच्यात होती. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती आकृती काही आपल्या माणसासारखी नसते. सोनाराकडे ठशातली एक ठरलेली बाई असते, दोन ठिपके डोळे, तीच सगळ्या सवतींना. पण घालायचा, कारण गेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिने नव्या बाईला त्रास देऊ नये. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. हळदीकुंकू आधी टाकाला. गोडधोड आधी टाकाला. दुसरीने संसार करायचा तो पहिलीचं झाल्यावर.

माझ्या धाकट्या आईच्या, म्हणजे वडिलांच्या दुसऱ्या बायकोच्या, गळ्यात असा टाक होता, हे मला ऐकून ठाऊक होतं. मी पाहिला तो देव्हाऱ्यातच. धाकट्या आईला दिवस गेले तेव्हा मला सांगोल्याकडे गावी आजीजवळ ठेवलं. माझी चौथीपर्यंतची शाळा तिथेच झाली. परत सोलापूरला आले तेव्हा भाऊ शाळेत जायला लागला होता, आणि टाकाचा दोरा झिजला म्हणून तो देवात ठेवलेला होता. म्हणजे तो मी धाकट्या आईच्या गळ्यात डोळ्यांनी कधीच बघितला नाही. पाहिला असेल तर गालानेच.

चहा तसाच राहिला. नात आत येऊन म्हणाली, "गॅस संपला का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय, तूच टाक."

तिला सांगितलं नाही त्या दिवशी. मनाला म्हटलं, आईच्याही गळ्यात चौकोनी काही असेल. पेटी असेल, ताईत असेल. आणि रुपया तर रुपया, गाणं तरी तिचंच असेल की. टाकाचं मागाहून चिकटलं असेल त्या आठवणीला, दोन वस्तू एका पिशवीत जाव्यात तसं. असं दोन दिवस मी स्वतःला सांगितलं. पण मग तिसरंच काहीतरी आठवायला लागलं.

गावाहून परत आल्यावर मी धाकट्या आईच्या शेजारी बसून विड्या वळायला शिकले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं कापून ओल्या फडक्यात ठेवलेली. ती बोलकी नव्हती, मी बोलकी. एकदा वळता वळता मी तिला माझी आठवण सांगितली. आई मला छातीशी धरून गुणगुणायची, तिच्या गळ्यात रुपया होता, गार लागायचा. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. धाकट्या आईचा हात थांबला. तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं, तोडलं, विडी सुपात टाकली. मग म्हणाली, "हां. गात असेल की."

एवढंच. मी किती वर्षं ते साक्षीसारखं धरून ठेवलं होतं. बघा, धाकटी आईसुद्धा म्हणाली, गात असेल. आता त्याच वाक्याचा मला धसका बसला. कारण धाकटी आई माझ्या आईला भेटलेलीच नव्हती. तिला काय माहीत, गायची का नाही?

धाकटी आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडील त्याच्याही आधी गेले. आईला डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता शिल्लक होतं, माझी धाकटी आत्या. आई नांदत होती तेव्हा ती आमच्याच चाळीत, परकर-पोलक्यातली पोर होती. सांगोल्याच्या पलीकडे दिली तिला. मी नातीला नुकतंच शिकवलं होतं, तो कवितेतला माणूस माणसांना का विचारत नाही ते. आणि दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः सांगोल्याच्या एसटीत बसले.

आत्याच्या नातवाची डाळिंबाची बाग आहे. पाऊस लांबलेला, दारात टँकर उभा, पाइप टाकून शेततळ्यात पाणी सोडायचं चाललं होतं. आत्या पत्र्याच्या सावलीला बाजेवर बसली होती. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत.

"कोण? सोलापूरची व्हय? रस्ता घावला म्हणायचा."

"घावला की. तुम्ही तर येतच नाही सोलापूरला."

"मला आता वरची गाडी धरायची हाय. एसटीत बसून काय करू?"

तिची सून हसली. सूनही साठीच्या पुढची. तिने चहा दिला, डाळिंबाचे दाणे दिले. माणसांची, आजारांची, मेलेल्यांची चौकशी झाली. मग मी विचारलं, "आत्या, माझी आई गायची का हो?"

"कुठली आई?"

"माझी. थोरली."

"ती?" आत्याने पदराने तोंड पुसलं. "न्हाय. ती बोलायचीच न्हाय, गाती कुटली? गिरणीत रिळावर व्हती न्हवं. कापूस बसला छातीत. चार शब्द बोलली की दम लागायचा. शेवटाला तर तुला घ्यायला बी हुत न्हवतं तिला, मीच कडंवर घेऊन हिंडायची."

"छातीशी धरून, हळू, तोंड मिटून? असं कधी?"

"अगं, उताणं निजता यायचं न्हाय तिला. उशीला टेकून बसायची रातच्याला. छातीवर पोर कुटनं घील?"

मी तोंड मिटून ती चाल म्हटली. भर दुपारी, टँकरचं पाणी पडत असताना. सून पदर तोंडाला लावून बघत राहिली. आत्या ऐकत होती, मान हलवत होती, आणि अर्ध्यातच म्हणाली, "हे धाकटीचं. अक्कलकोटाकडची न्हवं ती. कानडीत कायतरी म्हणायची, तू नुसतं हूं हूं म्हणतीयास."

मी चाल तिथेच तोडली.

"तू जातच न्हवतीस की तिच्याजवळ. आई कुटं गेली, आई कुटं गेली, समदी चाळ जागी ठेवायचीस. मग माझ्या आईनं सांगितलं धाकटीला, पोरीच्या गालाला टाक लाव आन् म्हण, आई हितं हाय. तवापासनं ती तसंच करायची. टाक लावायची, म्हणायची, ही बघ तुजी आई, आन् गायची. मग निजायचीस. कुणी सांगितलं न्हाय व्हय तुला?"

"नाही."

"मला वाटलं, ठावं हाय."

तिने ते इतकं साधं सांगितलं, की मला तिचा राग धरता आला नाही. कुणाचाच धरता आला नाही. आजीचं काय चुकलं? रडणारं पोर निजवलं. धाकट्या आईचं काय चुकलं? ती नवी नवरी, तिच्याकडे आपलं म्हणून एक गाणं होतं, तेही तिने टाकाला लावून मग मला दिलं. ही तुझी आई, असं तिने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. इतकं खरं मानलं की पुढे मी ते तिच्या तोंडावर सांगितलं, तरी तिने ते परत घेतलं नाही.

पण मला त्या वेळी धाकट्या आईचं काही सुचत नव्हतं. मला थोरलीचं काहीतरी पाहिजे होतं. हे गेलं तर जाऊ दे, दुसरं काही.

"आत्या, मग तिचं काय आठवतंय ते सांगा. काहीही. एक सांगा."

आत्याने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "सावळी व्हती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कामाला बरी व्हती."

"आणि?"

"आन् काय?"

"केस लांब होते का?"

"असतील की. तवा समद्यांचेच व्हते."

"हसायची कशी? कशाला हसायची? काय बोलायची? तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?"

आत्या जरा चिडली. "अगं, मी पोर व्हती तवा. आन् सुनंकडं कोण बघत बसतंय? सून रांदती, आपण जेवतो. आता ही माजी सून मागं उभी हाय. हिचं हसणं कसं हाय, मला तरी सांगाय येईल का?"

"सांगा की मग," सून मागून म्हणाली. "माझ्या पोरांना उपयोगी पडंल."

दोघी हसल्या. मीही हसले असेन. आत्याने निघताना माझ्या पिशवीत डाळिंबं भरली, डाग पडलेली, बाजारात न चालणारी, पण आतून गोड. गालावरून हात फिरवला. "इतकं काय मनाला लावून घेतीयास," म्हणाली. "मेल्याला किती वर्सं झाली."

तेच तर. माणूस मेलं तेव्हा मला कळलं नव्हतं. रडले असेन, पण ते रडणं दुसरीने गाऊन बंद केलं. इतकी वर्षं माझी आई मेलेली होती, पण होती. एवढीशी का होईना, एका गालापुरती होती. ती त्या दुपारी सांगोल्याच्या पुढे, डाळिंबाच्या बागेत गेली, आणि मला एसटी पकडायची होती.

घरी येऊन मी नातीला सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही. तिने नाक पुसलं आणि मला धीर द्यायला म्हणाली, "पण आजी, उलट किती छान आहे हे. म्हणजे धाकट्या पणजीचं तुझ्यावर किती प्रेम होतं. तुला एक आई जाऊन दुसरी मिळाली."

मुलं शाळा-कॉलेजात हेच शिकतात, शेवटी काहीतरी चांगलं काढायचं. मी तिला म्हटलं, "बाळ, धाकट्या आईचं माझ्याकडे पुष्कळ आहे. तिचा खोकला आहे, तिचा मार आहे, तिच्या हातची आमटी आहे, माझ्या बाळंतपणात ती गाडी चुकली म्हणून बैलगाडीतून आली, ते आहे. ती होतीच माझी. तिच्या पेटीत आणखी एक लुगडं पडलं. पण जिच्याकडे एकच होतं, तिच्या अंगावरचं काढून ते टाकलं ना."

तिने वही काढली आणि म्हणाली, "मी तर लिहून देऊन टाकलंय."

रसग्रहण तपासून आलं होतं. माझ्या आठवणीखाली मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, अनुभव अतिशय हृद्य. ती म्हणाली, मी मॅडमना खरं सांगून येऊ का? मी म्हटलं, राहू दे. त्यांना काय सांगणार? तुझा अनुभव खोटा निघाला, गुण परत घ्या?

ती कविता मी त्यानंतर पुन्हा वाचली, एकटीने. पहिल्यांदा वाटलं होतं, शेवट उघडा ठेवलाय, ऐकू येतही असेल. आता तसं वाटलं नाही. तो माणूस जिच्या पाठीला बांधलेला होता ती आईच होती, हे त्याला कुणी सांगितलं? त्यालाही कुणीतरी सांगितलंच असणार. एवढंसं पोर पाठीवरून तोंड बघू शकत नाही. हे मी नातीला बोलून दाखवलं नाही. परीक्षेत असलं लिहून चालत नाही, आणि तिचं वयही नाही.

चाल अजून येते तोंडात. भांडी घासताना येते, मला कळायच्या आत येते. पूर्वी आली की बरं वाटायचं. आता मी नळ मोठा सोडते.

भाद्रपद आला. पितृपक्षातली नवमी नवरा असताना गेलेल्या बायकांची. धाकटी आई वडिलांच्या मागे गेली, तिचं पान वेगळ्या दिवशी. नवमीला माझ्या आईचं असतं. भाऊ धाकट्या आईच्या पोटचा, पण थोरलीचं पान त्याने कधी चुकवलं नाही. गेलेल्या बाईच्या आवडीचं एक तरी पानात असावं, असं म्हणतात. म्हणून भावजय दरवर्षी आदल्या दिवशी फोन करते, आणि मी दरवर्षी तेच सांगते, शेंगाची पोळी कर, आईला फार आवडायची. आजवर मला कधी प्रश्न पडला नव्हता, हे मला कुणी सांगितलं.

यंदाही फोन आला.

"वन्सं, उद्या यायचंय बरं का. दाणे भाजलेत. गूळ जरा काळा मिळालाय, चालेल ना थोरल्या आईंना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

"काय माहीत नाही?"

"तिला काय आवडायचं ते."

तिचा आवाज बारीक झाला. "वन्सं, माझं काही चुकलं का?"

"नाही बाई, तुझं काय चुकणार? मला खरंच माहीत नाही. सगळ्यांना करतात ते कर. खीर कर, वडे कर."

"आणि पोळ्या?"

"तुम्हाला आवडतात तर करा."

"बरं," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असावी, एरवी मी इतकी बोलते. शेवटी तीच म्हणाली, "मग लवकर या," आणि मी म्हटलं, येते.

नातीने पुस्तकातून मान न काढता विचारलं, "कोण होतं?"

"मामीआजी."

"काय म्हणत होती?"

"जेवायला बोलावलंय," मी म्हटलं.